औषधजन्य यकृतहानीवर वनस्पती-अर्काची प्राण्यांमध्ये चाचणी: प्रयोग कसा आखावा

एखाद्या वनस्पतीचा अर्क यकृताचे रक्षण करतो, असा निष्कर्ष मांडणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांची मांडणी एकसारखी असते. प्राण्यांना काही दिवस अर्क द्यायचा, मग पॅरासिटामॉलची मोठी मात्रा द्यायची, दुसऱ्या दिवशी रक्तातील एएलटी आणि एएसटी (यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारी विकरे) मोजायचे, आणि ते कमी आढळले की अर्क यकृतरक्षक ठरवायचा. या मांडणीतून मिळणारे आकडे खरे असतात, परंतु त्यांचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. अर्काने यकृताच्या पेशी वाचवल्या असतील, किंवा त्याने विष तयारच होऊ दिले नसेल. दुसरी शक्यता खरी असेल तर रुग्णाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण ज्याने गोळ्यांची घातक मात्रा काही तासांपूर्वी घेतलेली आहे, त्याच्या शरीरात विष तयार होऊन गेलेले असते. प्रयोग संपल्यावर या दोन शक्यता वेगळ्या करता आल्या पाहिजेत, आणि ते शक्य व्हायचे असेल तर पहिला प्राणी पिंजऱ्यात येण्यापूर्वीच आराखडा तसा केलेला असावा लागतो.

विष कसे तयार होते

नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृतात ग्लुक्युरोनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी जोडला जातो आणि लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र सायटोक्रोम कुळातील विकरे, प्रामुख्याने सीवायपी २ई१, नॅपक्वी या अत्यंत क्रियाशील पदार्थात बदलतात. पेशीतील ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू त्याला तत्काळ निष्प्रभ करतो. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि उरलेले नॅपक्वी पेशीतील प्रथिनांना, विशेषतः तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रिया) प्रथिनांना, कायमचे चिकटते. तेथून पुढे तंतुकणिकांतील ऑक्सिडेटिव्ह ताण, जेएनके या संदेशवाहक विकराचे सक्रिय होणे, तंतुकणिकांचे आवरण निकामी होणे आणि शेवटी पेशीचा मृत्यू अशी साखळी चालते. सीवायपी २ई१ यकृतखंडिकेच्या मध्यशिरेभोवती अधिक असल्यामुळे नाशही तेथूनच सुरू होतो. ग्लुटाथायोनची ही भूमिका १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिप्रयोगांतून स्पष्ट झाली, आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन हा आज प्रस्थापित असलेला उतारा त्याच समजुतीवर उभा आहे.

या साखळीतली कोणतीही एक कडी तोडली तरी चोवीस तासांनी एएलटी कमी दिसते. पहिली कडी, म्हणजे विकराचे काम, तोडणे वनस्पतींतील असंख्य फ्लॅव्होनॉइड आणि अल्कलॉइड यांना सहज जमते. म्हणून केवळ एएलटी पाहून कोणती कडी तुटली हे सांगता येत नाही.

प्राणी आणि प्रारूप

पॅरासिटामॉलसाठी रॅटपेक्षा (मोठा उंदीर) माऊस (लहान उंदीर) अधिक योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. माऊसमध्ये रात्रभर उपाशी ठेवल्यानंतर शरीरवजनाच्या प्रति किलोग्रॅम ३०० मिलिग्रॅम इतकी मात्रा उदरपोकळीत दिली असता स्पष्ट हानी होते आणि तिची यंत्रणा माणसातील यंत्रणेशी बरीच जुळते. रॅट या विषाला बराच प्रतिकार करतो. त्याला तोंडावाटे २ ते ३ ग्रॅम प्रति किलोग्रॅम मात्रा देऊनही हानी सौम्य राहते आणि एका प्राण्यात व दुसऱ्यात मोठी तफावत पडते. मुळात हानीच सौम्य असेल तर रक्षणाचा दावा कितपत भक्कम राहील, याचा विचार करावा.

मादी माऊस नरापेक्षा या विषाला कमी बळी पडते, त्यामुळे दोन्ही लिंगे वापरायची असल्यास त्यांचे गट वेगळे मोजावेत. वंशाचे नाव लिहिताना उपवंशही लिहावा. सी५७बीएल/६ या एकाच नावाखाली जे आणि एन असे दोन उपवंश येतात आणि त्यांच्यात तंतुकणिकांशी संबंधित एका जनुकाचा फरक आहे, जो याच प्रयोगात महत्त्वाचा ठरू शकतो.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन यांचे प्रारूपही लोकप्रिय आहे. रॅटला दोन्ही औषधे प्रत्येकी ५० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम या प्रमाणात तीन ते चार आठवडे तोंडावाटे दिली जातात. येथे एक अडचण नीट लक्षात घ्यावी. माणसात रिफाम्पिसिन पीएक्सआर या ग्राहीला उद्दीपित करून औषध-चयापचयाची विकरे वाढवते, परंतु रॅट आणि माऊस यांचा पीएक्सआर रिफाम्पिसिनला फारसा प्रतिसाद देत नाही. या प्रारूपातील हानी त्यामुळे माणसातील हानीची प्रतिकृती मानता येत नाही. कार्बन टेट्राक्लोराइड आणि गॅलॅक्टोसामाइन ही तर औषधेच नव्हेत. त्यांच्यावरील प्रयोगाला औषधजन्य हानीवरील प्रयोग म्हणू नये. आणि ज्या औषधांची हानी मोजक्याच व्यक्तींना, त्यांच्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या वैशिष्ट्यामुळे होते, ती निरोगी प्राण्यात उभी करणे जवळजवळ अशक्य असते.

वनस्पती आणि अर्क

चुकीच्या वनस्पतीवर केलेला अचूक प्रयोग निरुपयोगी असतो. भुईआवळीच्या नावाखाली फायलँथस प्रजातीतील तीन-चार वेगवेगळ्या जाती गोळा होतात. पुनर्नवेच्या जागी ट्रायँथेमा येते. काळमेघ आणि किराईत यांची नावे एकमेकांवर पडतात, प्रत्यक्षात त्या दोन भिन्न कुळांतील वनस्पती आहेत. म्हणून वाळवलेला आणि चुरा केलेला माल विकत घेण्याऐवजी फुलाफळांसह वनस्पती मिळवावी, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी, नमुना हर्बेरियममध्ये जमा करावा आणि त्याचा क्रमांक अहवालात द्यावा. वनस्पतीचा कोणता भाग वापरला, तो कोणत्या महिन्यात आणि कोठून गोळा केला, हेही लिहावे, कारण घटकांचे प्रमाण ऋतूनुसार बदलते.

भाग सावलीत वाळवून भरड दळावा. उष्णतेने बिघडणारे घटक असण्याची शक्यता असल्यास सॉक्सलेटऐवजी (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारे उपकरण) साध्या तापमानाला भिजवून अर्क काढणे अधिक सुरक्षित असते. ५० ते ७० टक्के इथेनॉल हा बहुतेक वेळा समंजस पर्याय ठरतो, कारण त्यात मध्यम ध्रुवीय आणि ध्रुवीय अशी दोन्ही प्रकारची द्रव्ये उतरतात. द्रावक कमी दाबाखाली, ४० ते ५० अंश सेल्सियसच्या आत उडवावा. कोरड्या वनस्पतीच्या वजनाच्या तुलनेत किती टक्के अर्क मिळाला हे नोंदवावे. हा आकडा पुढे मात्रेचा अर्थ लावताना लागतो. त्यानंतर निदान एका ओळखचिन्ह-घटकाचे प्रमाण एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने मोजावे: काळमेघात अँड्रोग्राफोलाइड, भुईआवळीत फायलँथिन, कुटकीत पिक्रोसाइड. तसे न केल्यास दुसरी प्रयोगशाळा तुमचा अर्क पुन्हा तयार करू शकत नाही. जड धातू, उरलेला द्रावक आणि जिवाणूंचा दूषित अंश यांचीही तपासणी करून घ्यावी. जिवाणूंचे अंतर्विष यकृतातील प्रतिकारपेशींना जागे करते आणि केवळ त्यामुळेच निकाल बदलू शकतो.

मात्रा, आणि ज्यात मिसळून देतो ते द्रव

अर्काची तीव्र विषारिता ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या मार्गदर्शक पद्धतीने आधी पाहावी. या पद्धतींत थोड्याच प्राण्यांत काम होते आणि सहसा २००० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. त्या मर्यादेला विषारिता दिसली नाही म्हणून तिचा दहावा भाग, म्हणजे २०० मिलिग्रॅम, ही उपचाराची मात्रा धरण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी त्यामागे औषधशास्त्रीय आधार नाही. त्यापेक्षा माणसाच्या मात्रेशी ताळा घालून पाहावा. शरीराच्या पृष्ठभागावर आधारित रूपांतरात माऊससाठी ३, रॅटसाठी ६ आणि प्रौढ माणसासाठी ३७ हे गुणक वापरतात. रॅटमधील १००० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम मात्रा ६ ने गुणून ३७ ने भागली की माणसासाठी सुमारे १६२ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम येते, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला जवळजवळ १० ग्रॅम अर्क. कोरड्या वनस्पतीच्या १० टक्के अर्क मिळत असेल तर त्यासाठी सुमारे १०० ग्रॅम कोरडी वनस्पती लागेल. एवढी मात्रा कोणी रोज घेणार नसेल, तर तिच्यावरील निकाल कितीही उठावदार असला तरी तो कोठे उपयोगी पडणार, हे आधीच ठरवावे. तीन मात्रा घ्याव्यात आणि त्यांतील एक तरी माणसाच्या वास्तव वापराच्या जवळ असावी.

आता त्या द्रवाविषयी, कारण अनेक प्रयोग नकळत येथेच फसतात. पाण्यात न विरघळणारा अर्क डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून देणे फार सोपे असते, पण हा द्रावक स्वतःच पॅरासिटामॉलचे नॅपक्वीत होणारे रूपांतर रोखतो, आणि त्यासाठी त्याची थोडी मात्राही पुरते. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि इथेनॉल यांच्याबाबतही हीच शंका आहे. अशा वेळी अर्काच्या नावावर जमा झालेले रक्षण प्रत्यक्षात द्रावकाचे असते. ०.५ टक्के कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजमध्ये केलेले निलंबन हा अधिक निर्धोक मार्ग आहे. काहीही वापरले तरी विषगटातील, म्हणजे अर्काशिवाय विष मिळणाऱ्या, प्राण्यांनाही तेच द्रव, त्याच आकारमानात, त्याच वेळी द्यावे. गूळ, मध किंवा साखर असलेले माध्यम टाळावे, कारण त्याने उपवास मोडतो आणि पोट भरलेला प्राणी या विषाला अधिक तोंड देतो.

पॅरासिटामॉल कोमट सलाइनमध्ये प्रति मिलिलिटर १५ मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवून प्रति किलोग्रॅम २० मिलिलिटर दिले की माऊससाठीची ३०० मिलिग्रॅमची मात्रा बरोबर साधते. द्रावण थंड झाल्यास स्फटिक तयार होतात आणि मग प्रत्येक प्राण्याला वेगळीच मात्रा मिळते, म्हणून ते शरीराच्या तापमानाला ठेवून प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासावे. अर्क तोंडावाटे आणि पॅरासिटामॉल उदरपोकळीत, ही विभागणी मला सर्वांत स्वच्छ वाटते. दोन्ही तोंडावाटे दिल्यास अर्कातील टॅनिन किंवा चिकट द्रव्ये पॅरासिटामॉलचे आतड्यातील शोषणच लांबवू शकतात, आणि तेही रक्षणासारखे दिसते.

गट आणि वेळा

किमान गट असे असावेत: केवळ माध्यम मिळणारा निरोगी गट, केवळ अर्काची सर्वांत मोठी मात्रा मिळणारा गट, माध्यम आणि विष मिळणारा गट, प्रमाण औषध आणि विष मिळणारा गट, आणि अर्काच्या तीन मात्रा व विष मिळणारे तीन गट. केवळ अर्काचा गट काटकसरीच्या नावाखाली गाळू नये. वनस्पतीज म्हणजे निरुपद्रवी असे नसते. हिरव्या चहाच्या संहत अर्काने माणसांत यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. शिवाय सौम्य त्रासदायक अर्क दीर्घकाळ दिल्यास यकृत आपली संरक्षक विकरे आणि ग्लुटाथायोन वाढवून ठेवते. ते अनुकूलन या गटाच्या यकृतातील ग्लुटाथायोन मोजल्याशिवाय कळत नाही.

प्रमाण औषध म्हणून सिलिमारिन (मिल्क थिसल या वनस्पतीतील द्रव्य) सर्रास वापरतात. विषाआधी द्यायच्या मांडणीत ते ठीक आहे, परंतु विषानंतरच्या उपचाराची तुलना अ‍ॅसिटिलसिस्टीनशीच व्हावी, कारण रुग्णाला प्रत्यक्षात तेच दिले जाते.

सर्वांत महत्त्वाचा भाग वेळेचा आहे. माऊसमध्ये ३०० मिलिग्रॅम मात्रेनंतर अर्ध्या तासात यकृतातील ग्लुटाथायोन ८० ते ९० टक्क्यांनी घटते, आणि साधारण दोन तासांत विषाचे चयापचय बरेचसे आटोपते. त्यामुळे प्रयोग दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात अर्क आधी देऊन परिणाम आहे का, एवढेच पाहावे. परिणाम दिसल्यास त्याच मांडणीतील काही प्राणी विष दिल्यानंतर २० ते ३० मिनिटांनी तपासावेत. विषगटात आणि अर्कगटात ग्लुटाथायोन सारख्याच वेगाने घटले असेल, तर नॅपक्वी दोन्हीकडे तयार झाले असे मानण्यास आधार मिळतो. अर्कगटात ते फारसे घटलेच नसेल, तर अर्काने विकर रोखले असण्याची दाट शक्यता आहे. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी प्रथिनांना चिकटलेल्या पॅरासिटामॉलचे प्रमाण थेट मोजावे. तो पुरावा अधिक सरळ असतो. दुसऱ्या टप्प्यात अर्क विषानंतर दीड ते दोन तासांनी द्यावा. यावेळीही रक्षण दिसले, तर अर्क पुढच्या कड्यांवर काम करतो असे म्हणता येते, आणि असा अर्क खरोखर दुर्मीळ व मोलाचा असतो.

चोवीस तासांनी मोजलेले ग्लुटाथायोन या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ज्या यकृतात पेशी कमी मेल्या तेथे ते अधिक असणारच. ते कमी हानीचे कारण नसून परिणाम आहे. मॅलोनडायअल्डिहाइड, कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या मापकांच्या तक्त्यांबाबतही हेच लागू पडते. अर्काने परीक्षानळीत डीपीपीएचचा (ऑक्सिडीकरणविरोधी गुण तपासण्याचे रंगीत रसायन) रंग घालवला, यावरून तो यकृतात काय करेल हे ठरत नाही. हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतकर्करोगाच्या पेशींवर पॅरासिटामॉलचा प्राथमिक प्रयोग करणाऱ्यांनी हे जाणावे की त्या पेशींत सीवायपी २ई१ अत्यल्प असते, त्यामुळे तेथे होणारा पेशीमृत्यू वेगळ्या कारणाने होतो. ताज्या यकृतपेशी किंवा हेपाआरजी पेशी त्या कामाला योग्य आहेत.

प्राण्यांची काळजी

संस्थेच्या प्राणी नीती समितीची लेखी मान्यता मिळण्यापूर्वी काहीही सुरू करू नये. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि यातना कमी करणे, ही अर्जातील रकाने भरण्यासाठी नसून आराखड्याचाच भाग आहेत. विषाची मात्रा आधी मोजक्या प्राण्यांवर पडताळून अशी ठरवावी की एएलटी स्पष्ट वाढेल पण प्राणी मरणार नाहीत. मृत्यू किती झाले हा येथे मोजमापाचा निकष असू नये. अंग आक्रसून बसणे, हालचाल थांबणे, शरीराचे तापमान लक्षणीय घसरणे यांपैकी कोणत्या लक्षणाला प्रयोग थांबवून प्राण्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधी लिहून ठेवावे आणि विषानंतरच्या तासांत कोणीतरी जाणकार तेथे हजर असावे. उपवास अन्नाचा असतो, पाण्याचा कधीही नाही. उपवासाचा काळ आणि मात्रा देण्याची वेळ प्रत्येक तुकडीत सारखी ठेवावी, कारण यकृतातील ग्लुटाथायोन दिवसाच्या वेळेनुसारही बदलते.

नमुने आणि मोजमाप

रक्त भूल दिलेल्या अवस्थेत घ्यावे आणि ते फुटणार नाही याची काळजी घ्यावी. तांबड्या पेशी फुटल्यास एएसटी खोटे वाढते, म्हणून लालसर सीरम वगळण्याचा निकष आधीच ठरलेला असावा. यकृतासाठी एएलटी अधिक विश्वासार्ह आहे. बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन यांच्यावर या अल्पकालीन प्रारूपात भिस्त ठेवू नये. अल्ब्युमिन चोवीस तासांत अर्थपूर्ण घटेल अशी अपेक्षाच चूक आहे.

ऊतीच्या तपासणीसाठी प्रत्येक प्राण्यात यकृताची तीच पाळी, उदाहरणार्थ डावी बाह्य पाळी, घ्यावी आणि १० टक्के तटस्थ फॉर्मेलिनमध्ये ठेवावी. काचपट्ट्या वाचणाऱ्या विकृतितज्ज्ञाला गट माहीत नसावेत, आणि नाशाचे क्षेत्र एकूण क्षेत्राच्या टक्क्यांत मोजावे. प्रत्येक गटातील एकेक सुंदर छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे. ग्लुटाथायोनसाठीचा तुकडा क्षणात द्रव नायट्रोजनमध्ये टाकावा आणि पुढे आम्लात कुटावा, अन्यथा बाहेर काढल्यावर होणारे ऑक्सिडीकरण प्राण्याच्या शरीरात झाले असे वाटते.

गटातील प्राण्यांची संख्या रिवाजाने सहा न धरता प्राथमिक प्रयोगातील विचलनावरून काढावी. गटवाटणी यादृच्छिक असावी. एएलटीचे आकडे एका बाजूला लांब पसरतात, म्हणून त्यांचे लॉगरिदम घेऊन प्रसरण विश्लेषण आणि त्यानंतर विषगटाशी तुलना करणारी डनेट चाचणी करावी, किंवा क्रुस्कल-वॉलिस चाचणी वापरावी. आलेखात प्रत्येक प्राण्याचा बिंदू दाखवावा आणि प्रमाण विचलन द्यावे. सरासरीची प्रमाण त्रुटी दिल्यास पसारा असतो त्याहून लहान भासतो.

दावा लिहिताना

अर्क फक्त आधी दिला असेल, तर 'आधी दिल्यास पॅरासिटामॉलची हानी कमी होते' एवढेच लिहावे. 'उपचार' हा शब्द वापरू नये. विकर रोखले गेल्याचे दिसले, तर ते स्पष्ट सांगावे. तो निष्कर्षही उपयोगी असतो, कारण असा अर्क इतर औषधांच्या चयापचयातही ढवळाढवळ करू शकतो आणि नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीला ती सूचना मिळायला हवी. अहवाल प्राणिप्रयोगांच्या अहवालासाठीच्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० मधील आवृत्तीनुसार लिहावा, वगळलेले प्राणी कारणासह नोंदवावेत आणि कच्चे आकडे सोबत जोडावेत. परिणाम न दाखवणारा अर्कही याच तपशिलाने प्रसिद्ध करावा, म्हणजे त्याच वनस्पतीवर तोच प्रयोग करण्यासाठी दुसरीकडे पुन्हा प्राणी खर्ची पडणार नाहीत.